छटाकची घट

छटाक आजारी पडला तेव्हा माझा पहिला संशय सोसायटीच्या सेक्रेटरींवर होता. दुसरा शेजारच्या शिंपीणबाईंवर, तिसरा नवऱ्यावर आणि चौथा सासूबाईंवर. हा क्रम मी भावनेच्या भरात लावलेला नाही. कुत्र्यापाशी जाण्याची संधी, जाण्याचं कारण आणि त्या व्यक्तीचा पूर्वेतिहास असे तीन रकाने आखून, प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण देऊन लावलेला आहे. सेक्रेटरींना सव्वीस पडले. सासूबाईंना अकरा पडले, पण मी गुणपत्रिका वाचत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, म्हणून मी घाईघाईनं त्यांचे नऊ केले. विज्ञानात असं चालत नाही, पण घरात चालवून घ्यावं लागतं.

छटाक हा आमचा कुत्रा. रंग चहाचा, जात अनिश्चित, उंची माझ्या गुडघ्याच्या चार बोटं खाली. मी वजनमापे खात्यात काम करते. दुकानदारांचे काटे, सोनारांचे तराजू, दूधवाल्यांची मापं तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. छटाक हे माप आमच्या खात्यानं कधीच रद्द केलेलं आहे; कोणी वापरताना सापडला तर त्याला नोटीस जाते. म्हणूनच माझ्या नवऱ्यानं कुत्र्याचं नाव ते ठेवलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे त्याला कुठल्याही आकड्यात शंभरेक इकडेतिकडे चालतात आणि बायकोची थट्टा करायला कायम वेळ असतो.

तर एका मंगळवारी सकाळी छटाकनं खाणं सोडलं. समोर वाटी ठेवली की तो तिच्याकडे न बघता फ्रिजच्या मागच्या कोपऱ्याकडे बघे आणि मागचे पाय थरथर हलवत उभा राही. मग सोफ्याखाली जाऊन पडे. तीन दिवस हेच चाललं. मी फ्रिज ओढून मागे पाहिलं. तिथं एक चमचा आणि नवऱ्याचा हरवलेला पेनाचा टोपा होता. चमच्याचा या प्रकरणाशी संबंध नसावा असं मी वहीत लिहिलं, पण चमचा वेगळा काढून ठेवला.

शुक्रवारी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, सौम्य, आणि कुत्र्यांपेक्षा त्यांच्या मालकांना जास्त घाबरणारे. त्यांनी डोळे, जीभ, पोट, पंजे सगळं पाहिलं, रक्त घेतलं, आणि छटाकला खोलीतल्या काट्यावर ठेवलं. काटा जमिनीवरचा, सपाट, साठ किलोपर्यंतचा. सहा पूर्णांक दोन असा आकडा आला.

मी खाली वाकून काट्याची कड पाहिली.

"डॉक्टर, याच्यावरचा शिक्का गेल्या वर्षीचा आहे."

"असेल, मॅडम. चालतो तसा बरोबर."

"बरोबर चालतो की नाही हे शिक्का नसताना कसं ठरवणार?"

डॉक्टरांनी माझ्या केसपेपरवर 'नोकरी' या शब्दापुढे काय लिहिलंय ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा रक्त घेतलेल्या कुत्र्यासारखा झाला. त्याच दुपारी त्यांनी तो काटा रिक्षात घालून आमच्या कार्यालयात तपासणीला पाठवला. इथं मला नोंदवलं पाहिजे की मी तसं सांगितलं नव्हतं. मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं होतं.

घरी आल्यावर मी छटाकचं वजन स्वतः घेतलं. आमच्या न्हाणीघरातला काटा माणसांचा आहे. दहा किलोच्या खालचं ओझं त्याला कळतच नाही, तो नुसता शून्य दाखवतो. त्यामुळे आधी मी एकटी उभी राहिले: छप्पन्न पूर्णांक एक. मग छटाकला घेऊन उभी राहिले: बासष्ट पूर्णांक तीन. वजा करून सहा पूर्णांक दोन. म्हणजे डॉक्टरांचा आकडा जुळत होता. पण आकडा जुळला म्हणून काटा ग्राह्य होत नाही, हे मी नवऱ्याला त्या संध्याकाळी दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा तो ऐकत नव्हता.

रक्ताचा अहवाल आला. सगळं नॉर्मल. ज्या कुत्र्यानं तीन दिवस खाल्लेलं नाही त्याचं सगळंच्या सगळं नॉर्मल यावं, हे मला फार संशयास्पद वाटलं. डॉक्टर म्हणाले, "कधीकधी कारण सापडत नाही, मॅडम. उकडलेला भात आणि कोंबडी द्या, दिवसाला एकशे ऐंशी ग्रॅम, दुसरं काही नको. आणि वजनावर लक्ष ठेवा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याशी बोलायला नको होतं.

मी दोनशे पानी वही आणली. रोज सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, छटाकला उचलून काट्यावर उभं राहायचं, आकडा वाचायचा, छप्पन्न पूर्णांक एक वजा करायचे आणि उरेल ते लिहायचं. छप्पन्न पूर्णांक एक हा आकडा मी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझं वजन लग्नानंतर नऊ वर्षं तेवढंच आहे. याचा मला किंचित अभिमान होता, आणि तो लपवण्याचा मी फारसा प्रयत्न करत नव्हते.

फ्रिजवर एक तक्ता लावला. डाव्या बाजूला तारीख, मधे 'छटाकला कोणी काय दिलं', उजवीकडे सही. घरातल्या प्रत्येकानं रोज भरायचा.

"म्हणजे मीसुद्धा?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई. सगळ्यांनीच."

"मी त्या प्राण्याला हातही लावत नाही, हे तुला माहीत आहे."

"मग तसं लिहा आणि सही करा."

त्यांनी लिहिलं, 'काही नाही', आणि खाली माहेरच्या आडनावासकट पूर्ण सही केली. त्या अशी सही फक्त माझ्यावर रागावल्या की करतात. नवऱ्यानं लिहिलं, 'काही नाही'. पुढचे सगळे दिवस त्या तक्त्यावर 'काही नाही' एवढंच होतं, आणि एकोणीस वर्षं सह्यांवर विश्वास ठेवून काम केल्यामुळे मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी छटाकची थरथर थांबली. तो कोपऱ्याकडे बघेनासा झाला. पण भात-कोंबडी त्यानं हुंगून बाजूला सारली, आणि दिवसभर झोपून राहू लागला. आठव्या दिवशी वहीत आकडा आला: पाच पूर्णांक सहा. सहाशे ग्रॅम गेले होते. माणसाच्या हिशेबात हे म्हणजे माझ्या अंगातून जवळजवळ साडेपाच किलो जाण्यासारखं होतं. त्या दिवशी मला नाश्ता गेला नाही.

नसलेल्या खाण्यानं वजन उतरतंय हे ठीक. पण थरथर थांबली, डोळे स्वच्छ झाले आणि तरी वजन उतरतंय? कोणीतरी त्याला काहीतरी देत होतं. मी जिना उतरून सेक्रेटरींकडे गेले.

सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. त्यांनी गेल्या वर्षी जिन्यात लावलेल्या सूचनेत 'कुत्री व इतर उपद्रव' असा शब्दप्रयोग केला होता. मी दार वाजवलं तर त्यांनी ते चार बोटं उघडलं.

"तुम्ही जिन्याखाली उंदरांसाठी औषध ठेवलंय का?" मी विचारलं.

"नाही. का हो, वहिनी? उंदीर झालेत का तुमच्याकडे? तसं असेल तर लेखी द्या."

"आमचा कुत्रा आजारी आहे."

"हो, दिसतो खरा हल्ली मलूल. संसर्गजन्य आहे का? तसं असेल तर तेही लेखी द्या. डॉक्टरांचं पत्र जोडा. दोन प्रतींत."

'दिसतो हल्ली' हे शब्द मी लक्षात ठेवले. कुत्रा आमचा, तिसऱ्या मजल्यावर. यांना तो दिसतो कुठे? शिवाय बोलताना त्यांच्या शर्टाच्या खिशात काहीतरी कुरकुरलं. कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मी वहीत लिहिलं: 'खिसा. आवाज कोरडा.'

दोन प्रतींतलं पत्र मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टरांनी लिहिलं की आजार संसर्गजन्य नाही. सेक्रेटरी म्हणाले, आजार कोणता ते लिहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आजार कोणता ते मला माहीत नाही. सेक्रेटरी म्हणाले, माहीत नाही तर संसर्गजन्य नाही हे कसं माहीत? दुसऱ्या कोणत्याही बाबतीत मला या माणसाविषयी आदर वाटला असता.

शिंपीणबाई आमच्या समोरच्या दारात राहतात. गळ्यात कायम टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं दातांतून येतं. छटाकच्या पोटात टाचणी गेली असेल, हा माझा त्यांच्यावरचा आरोप होता. तो मी सरळ न करता "तुमच्याकडच्या टाचण्या मोजलेल्या असतात का?" असं विचारलं.

"टाचण्या कोण मोजतं, ताई? मी मापं घेते." त्यांनी छटाकला मांडीवर घेतलं. "अशक्त झालाय ना बिचारा. गार लागत असेल. थांबा, जाकीट शिवते त्याला."

त्यांनी त्याच्या छातीचं माप घेतलं, साडेसोळा इंच, आणि दोन दिवसांत हिरव्या कापडाचं तीन बटणांचं जाकीट शिवून दिलं. चार-पाच दिवसांनी पाहिलं तर मधलं बटण लागेना.

"कुत्रं भरलंय, ताई," त्या म्हणाल्या. त्यांनी परत टेप लावला. "सतरा झालेत."

"त्याचं वजन दीड किलोनं उतरलंय," मी म्हणाले. पंधराव्या दिवशीचा आकडा पाच होता, म्हणजे एक पूर्णांक दोन. पण दुःखात मीसुद्धा थोडी वर सरकते.

"मग जाकीट आटलं म्हणायचं का?"

"शक्य आहे."

"धुतलं नाही तर कसं आटेल?" त्यांनी टाचण्या ओठांतून काढल्या, म्हणजे आता गंभीर बोलणं होतं. "आणि तुमचा हा कुडता बघा. मीच शिवलाय ना दोन महिन्यांपूर्वी? खांद्यावरून घसरतोय. या इकडे."

त्यांनी मला न विचारता माझ्या कमरेभोवती टेप टाकला. "दोन इंच कमी."

मी घरी येऊन विचार केला. एकाच टेपनं एका ठिकाणी वाढ आणि दुसऱ्या ठिकाणी घट. कापडी टेप वापरून वापरून ताणतो हे सगळ्यांना माहीत आहे. ताणलेला टेप खरं माप कमी दाखवतो, तेव्हा माझी घट समजण्यासारखी होती. कुत्र्याच्या बाबतीत वाढ का, याचं उत्तर मिळालं नाही. म्हणजे टेप दुहेरी सदोष होता. असं उपकरण मी कार्यालयात पाहिलं असतं तर जागच्या जागी जप्त केलं असतं.

इथं सासूबाईंविषयी लिहिणं भाग आहे. त्या दिवसांत त्या माझ्या ताटाकडे फार बघायला लागल्या होत्या.

"जेवलीस का?"

"जेवले."

"हे ताटात काय आहे मग?"

"भूक नाही, आई."

"त्या कुत्र्याच्या नादानं तू वाळत चालली आहेस. तुझं घड्याळ बघ. पार कोपरापर्यंत जातं."

"पट्टा सैल झालाय."

"पट्टा स्टीलचा आहे," त्या म्हणाल्या आणि माझं ताट उचलून आत घेऊन गेल्या. त्या ताट उचलतात तेव्हा छटाक उठून त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात जातो आणि दार पुढे लोटलं जातं, हे मी पाहिलं होतं. अकराचे नऊ केल्याचा मला पश्चात्ताप झाला.

मी भाताच्या डब्याला सील करायचं ठरवलं. झाकणाच्या कडेला मेणबत्तीचं मेण ओतायचं आणि ते ओलं असताना माझ्या अंगठीचा ठसा उठवायचा, म्हणजे मधे कोणी डबा उघडला तर कळेल. पहिले दोन दिवस ठसा छान उठला. तिसऱ्या दिवशी अंगठी बोटातून सुटून मेणातच राहिली. मी वहीत लिहिलं: 'मेण निसरडं असतं.' हे वाक्य मी आज वाचते तेव्हा ते पान फाडावंसं वाटतं, पण नोंदवहीचं पान फाडायचं नसतं.

अठराव्या दिवशी, सोमवारी, आकडा चार पूर्णांक सातवर आला. मी रजा टाकून छटाकला घेऊन डॉक्टरांकडे गेले. सोबत आलेख नेला होता, आलेखाच्या कागदावर, शिसपेन्सिलीनं. रेघ डावीकडून उजवीकडे सरळ उतरत होती. एवढी सरळ रेघ जिवंत प्राण्याची सहसा येत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"एवढं व्यवस्थित लिहिलेलं मी माणसांच्या हॉस्पिटलातही पाहिलं नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी छटाकच्या पोटाखाली हात घातला आणि भुवई वर केली. "पण मॅडम, हाताला तर चांगला भरलेला लागतो."

"हात हे मापनयंत्र नाही, डॉक्टर."

"नाही, ते खरं. पण पोट बघा ना. गोल आहे."

"वजन दीड किलो उतरलंय आणि पोट गोल आहे. याचा अर्थ काय होतो?"

मी हा प्रश्न मुद्दाम नव्हता विचारला. पण डॉक्टरांनी तो मनावर घेतला. त्यांनी आलेख पाहिला, पोट पाहिलं, परत आलेख पाहिला.

"वजन उतरतंय आणि पोट फुगतंय, म्हणजे आत काहीतरी वाढतंय," ते हळू म्हणाले. "किंवा पाणी धरलंय. अशा वेळी एक्स-रेच्या फोटोतही स्पष्ट काही दिसत नाही. असंच चालू राहिलं तर पोट उघडून बघावं लागेल."

"उघडून?"

"पुढचा सोमवार ठेवू. एवढ्या कमी वजनाला भूल देणं जोखमीचं असतं, तुमच्यापासून लपवत नाही. पण चारच्या खाली गेला तर भूलही देता येणार नाही."

छटाक टेबलावर बसून माझा कुडता चाटत होता. खांद्यावरून घसरलेला भाग.

त्या आठवड्यात मी जे काही खाल्लं ते उभ्यानं खाल्लं. रोज सकाळी वहीतला आकडा खाली येत होता. चार पूर्णांक पाच. चार पूर्णांक चार. नवरा थट्टा करायचा थांबला. तो एक दिवस शाळेतून येऊन म्हणाला, "आपण दुसऱ्या काट्यावर बघू या का?"

"कुठल्या?"

"किराणावाल्याकडच्या."

"तो कुत्र्याला गव्हाच्या ताटलीत बसवेल का? आणि आपल्या काट्यात काय वाईट आहे? दर महिन्याला मी वीस किलोचं प्रमाण वजन ठेवून तपासते."

"मी काही म्हटलं नाही," तो म्हणाला. काट्यात खरंच काही वाईट नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगेन.

राहिला डॉक्टरांचा काटा. तो आमच्याच कार्यालयात, टेबल नंबर तीनच्या मागे, भिंतीला टेकून तीन आठवडे उभा होता. टेबल नंबर तीनवरचे गृहस्थ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मॅडम, तुमच्या डॉक्टरांचा दिसतोय. आधी काढू का?"

"नाही. क्रमानं."

क्रम आला तेव्हा अर्जावर अडचण निघाली. 'वापर' या रकान्यात दोनच पर्याय छापलेले आहेत: व्यक्ती किंवा माल. कुत्रा कशात बसतो? टेबल नंबर तीन म्हणाले, "टिक करू मालावर, कोण बघतंय?" मी म्हणाले, कोण बघतंय म्हणून नाही, बरोबर काय म्हणून विचारायचं. मग ते प्रकरण वरच्या कार्यालयात मार्गदर्शनासाठी गेलं. मार्गदर्शन मागणारं पत्र मीच लिहिलं. चांगलं उतरलं होतं. उत्तर यायला सोळा दिवस लागले. उत्तरात एकच ओळ होती: 'जिवंत माल असे नोंदवावे.'

शुक्रवारी काटा माझ्या टेबलावर आला. मी एक, दोन, पाच, दहा आणि वीस किलोची प्रमाण वजनं चढत्या आणि उतरत्या क्रमानं ठेवून पाहिली. चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. काटा निर्दोष होता. मी शिक्का मारला, प्रमाणपत्रावर सही केली, आणि शनिवारी तो दवाखान्यात परत गेला.

रविवारी वहीत आकडा आला चार पूर्णांक एक.

सोमवारी सकाळी दवाखान्यात मी आणि नवरा एवढेच जाणार होतो. पण सासूबाई चप्पल घालून दारात उभ्या होत्या. "मी त्या प्राण्यासाठी येत नाही," त्या म्हणाल्या. "मी माझ्या मुलासाठी येते. त्याला रक्त बघवत नाही." शिंपीणबाई ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा पट्टा शिवून घेऊन आल्या होत्या. खाली सेक्रेटरी उभे होते. त्यांच्या हातात एक कागद होता.

"हरकत नाही म्हणून दाखला," ते म्हणाले. "परत आणताना लागेल. म्हणजे, आणालच तुम्ही." आणि ते आमच्या रिक्षाच्या मागे स्कूटरवरून आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी हातमोजे घातलेले होते. छटाक उपाशी होता आणि त्यामुळे फार खवळलेला. त्यानं आल्या आल्या खुर्चीचा पाय चावला.

"भुलीचं औषध वजनावर ठरतं," डॉक्टर म्हणाले. "तेवढं एकदा घेऊ."

"चार पूर्णांक एक," मी म्हणाले.

"घेतो तरी, मॅडम. आता शिक्का आहे." त्यांनी छटाकला काट्यावर ठेवलं.

सहा पूर्णांक नऊ.



"उतरवा आणि परत ठेवा," मी म्हणाले.

सहा पूर्णांक नऊ.

"दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवा."

सहा पूर्णांक नऊ. छटाकला हा खेळ आवडायला लागला होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग काट्याच्या कडेकडे. नवा शिक्का चकाकत होता. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं होतं. खाली माझी सही होती. त्या खोलीत संशय घेण्यासारखं जे जे होतं ते सगळं मीच तपासून बरोबर ठरवलेलं होतं.

"मॅडम," डॉक्टर फार अदबीनं म्हणाले, "घरी वजन कसं घेता म्हणालात?"

मी सांगायला सुरुवात केली. छटाकला उचलते, काट्यावर उभी राहते, छप्पन्न पूर्णांक एक वजा करते. 'वजा करते' हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी तिथंच थांबले.

"उभी राहा बघू त्याच्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आत्ता नको."

"उभी राहा म्हणते ना."

मी चपला काढून उभी राहिले. त्रेपन्न पूर्णांक तीन. मला वहीची गरज नव्हती. त्रेपन्न पूर्णांक तीन आणि सहा पूर्णांक नऊ, साठ पूर्णांक दोन. आदल्या दिवशी न्हाणीघरात काट्यानं दाखवलेला आकडा हाच होता. माझी एकही नोंद शंभर ग्रॅमनंसुद्धा चुकली नव्हती. फक्त ती कोणाची आहे, एवढं चुकलं होतं. दर महिन्याला मी काटा तपासत होते. जिच्यावर सगळी वजाबाकी उभी होती, तिला मी पहिल्या दिवसानंतर एकदाही तपासलं नव्हतं.

"मी म्हणतच होते," शिंपीणबाई म्हणाल्या. "टेप खोटं बोलत नाही."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. ते एका बाजूला वळून काढले, पण त्यांचे खांदे हलत होते हे मला दिसलं.

मान खाली घालून बाहेर पडायचं सोडून मी आणखी एक चूक केली. मला आठवलं की ज्या कुत्र्यानं तीन आठवडे भात-कोंबडी हुंगून सोडली, त्याचं वजन सातशे ग्रॅमनं वाढलं होतं. मी वळले.

"याला कोणी काय दिलं?"

सेक्रेटरींनी खिशावर हात ठेवला. "दोनच बिस्किटं, वहिनी. रोज. साखर नसलेली. आजारी होता म्हणून."

"अंड्याचा पिवळा," शिंपीणबाई म्हणाल्या. "टाचण्या नाही हो."

नवरा छताकडे बघत होता. "चीज," तो म्हणाला. "थोडंसंच."

"तक्त्यावर तुझी सही आहे."

"सही आहे," त्यानं मान्य केलं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी छटाकला उचलून काखेत धरलं होतं, इतक्या सरावानं की विचारायचं काही उरलंच नव्हतं.

"आई, तुम्ही लिहिलंत, काही नाही."

"मी माझं काही दिलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझं दिलं. तू रोज अर्धं ताट टाकून उठत होतीस. ते कुठं जात होतं असं वाटलं तुला? मला अन्न टाकवत नाही."

परत येताना रिक्षात छटाक माझ्या मांडीवर होता. तो जड होता. हे मला तीन आठवडे रोज सकाळी हातांना कळत होतं, आणि हात हे मापनयंत्र नाही म्हणून मी ते कुठेही लिहिलं नव्हतं.

पहिले तीन दिवस त्याला नेमकं काय झालं होतं, ते आजतागायत कळलेलं नाही. वहीत त्या रकान्यात 'कारण: अज्ञात' असं आहे आणि ते मला अजून टोचतं. चमचा मी जपून ठेवला आहे.

फ्रिजवरचा तक्ता मात्र दुसऱ्या दिवशी बदललेला होता. रेघा वाकड्या, अक्षर सासूबाईंचं. डावीकडे तारीख, मधे 'सूनबाईनं काय खाल्लं', उजवीकडे सही. वजन त्या स्वतः समोर उभ्या राहून घेतात, आणि मी काट्यावर चढले की छटाक शेजारी बसून आकड्याकडे बघतो. तो नजरेत सरळ संशय घेऊन बघतो.

परवा दुपारी मी जेवत होते. ताटात अंडं होतं. सासूबाई पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात टेबलाखालून माझ्या पायाला काहीतरी ओलं लागलं. मी अंड्याचा अर्धा भाग खाली केला.

मग उठून तक्त्यावर लिहिलं, 'सगळं', आणि खाली सही केली. एकोणीस वर्षांतली ती माझी पहिली खोटी सही. अक्षर छान आलं होतं.